रिकाम्या पाटीवरचे चिंचोके

मंडळी, एक प्रश्न विचारतो. जो हसत नाही, रडत नाही, विचारलं की 'बरं आहे' एवढंच म्हणतो — त्याच्या मनात काहीच नसतं का? उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका.

भंडाऱ्याकडचं एक गाव. तिथले टेंभुर्णे गुरुजी सहावीला गणित शिकवत. माणूस मोठा भिडस्त. वर्गाबाहेर चार लोकांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. त्या दिवशी त्यांनी फोडलेले चिंचोके आणले होते — एक बाजू काळी, एक पांढरी. काळा म्हणजे अधिक एक, पांढरा म्हणजे उणे एक. दोन्ही शेजारी आले की जोडी, आणि जोडीची किंमत शून्य. पाच काळ्यांत दोन पांढरे मिळवले, दोन जोड्या जुळल्या, उरले तीन काळे. मुलांना कळलं. तुम्हालाही कळलं ना? मागची मंडळी नुसतीच मान हलवतायत, चालू द्या.

तेवढ्यात दारात गुणवंत शेंडे येऊन उभा राहिला. भाताच्या गिरणीत कामाला. वर्षापूर्वी त्याची बायको कौसल्या गेली. मुलगी रेवा याच वर्गात. तिचा दाखला न्यायला आला होता.

"मामाकडे धाडतो, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "आई गेली तरी डोळ्यांतून टिपूस नाही काढलं पोरीनं. दगड आहे. इथं काय, तिथं काय, तिला सारखंच."

गुरुजी दाराशी गेले. "तास संपू द्या," एवढंच म्हणाले. मग पाटी पुसून रेवापुढे ठेवली. "बाळा, यातून तीन पांढरे काढ."

वर्ग हसला. "गुरुजी, पाटीवर काहीच नाही, ती काढणार काय?" एकजण म्हणाला.

रेवा हसली नाही. तिनं चिंचोके घेतले. एक काळा, शेजारी एक पांढरा. पुन्हा एक जोडी. पुन्हा एक. "आताही शून्यच आहे," ती म्हणाली.

"शाब्बास. आता पांढरे काढ."

तिचा हात तिथंच थांबला. "नको, गुरुजी."

"का गं?"

"असंच राहू द्या. दोन्ही सारखे आहेत तोवर कुणाला काही दिसत नाही. बाबांनाही दिसत नाही."

मंडळी, दारातला गुणवंत खाली बघू लागला.

तास संपल्यावर गुरुजी बाहेर आले. दुसऱ्याच्या घरातलं आपण कसं बोलावं, या विचारानं जीभ अडखळत होती. तरी बोलले. "घरी कौसल्याबाईंचं नाव निघतं का?"

"नाही काढत. पोरीला त्रास नको म्हणून."

"आणि ती रडत नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून. गुणवंतराव, पाटीवर नाही ते काढता येत नाही. आधी मांडावं लागतं. माझं चुकतही असेल. पण दाखला उद्या न्या. आज तेवढं मांडून बघा."

संध्याकाळी बापलेक जेवायला बसले. भाजीत मीठ नव्हतं. गुणवंतानं घास गिळला, घसा खाकरला. "तुझी आई मीठ विसरायची," तो म्हणाला, "आणि वर मलाच म्हणायची, आज समुद्राचा उपास आहे."

रेवा खुदकन हसली. वर्षभरात पहिल्यांदा. आणि ते हसू अर्ध्यावर असतानाच तिला रडू फुटलं. गुणवंतही ताट सारून रडला. "आई अजून काय म्हणायची?" ती विचारत राहिली. तो सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी गुणवंत दाखल्याला आला नाही. रेवा आली. डोळे सुजलेले. तिनं पाटी मागितली, तीन जोड्या मांडल्या आणि पांढरे एकेक करून उचलले. "तीन काळे उरले, गुरुजी," ती म्हणाली. "पाटी रिकामी होती, तरी उरले."

उणं काढून घेतलं की भर पडते, हे गुरुजी वर्षानुवर्षं शिकवत होते. मुलांना हे कसं समजावं, असं त्यांना नेहमी वाटायचं. त्या दिवशी ते त्यांना स्वतःला समजलं.

मंडळी, तुमच्या घरीही कुणीतरी 'बरं आहे' म्हणून कोपऱ्यात बसलं असेल. त्याची पाटी रिकामी समजू नका. आता देवाचं नाव घेऊ, टाळ वाजवू. आणि घरी गेलात की जे नाव इतके दिवस कुणी उच्चारलं नाही, ते तुम्ही आधी घ्या.