पुढच्या दाताचा कोपरा

डॉक्टर : तोंड उघडा.

भाची : आधी सांगा, मशीन लावणार नाही ना?

डॉक्टर : अहो, तोंड न उघडता मी काय सांगू? मी दातांची डॉक्टर आहे, ज्योतिषीण नाही.

मामा : उघड गं बये. खुर्चीत बसल्यापासून कुलूप लावून बसलीय. डॉक्टर, भरल्या सभागृहात बसून हॉर्न फुंकते ही माझी भाची, आणि इथे तुमच्या एवढ्याशा आरशाला बघून पाचावर धारण बसलीय.

डॉक्टर : हॉर्न म्हणजे? गाडीचा?

मामा : सगळे हेच विचारतात. फ्रेंच हॉर्न. त्या पेटीत आहे बघा. पितळेची लांबलचक नळी, जिलबीसारखी गुंडाळलेली, आणि टोकाला कर्ण्यासारखं तोंड. मीही जन्मभर तेच फुंकलं. हिला मीच शिकवलं.

भाची : मामा, माझी परवा परीक्षा आहे ते सांग. परवा!

मामा : तेच सांगतोय. परवा वाद्यवृंदातल्या पहिल्या खुर्चीची, म्हणजे मुख्य हॉर्नवाल्याच्या जागेची परीक्षा, डॉक्टर. पडद्यामागे बसून वाजवायचं. परीक्षकांना माणूस दिसत नाही, नुसता सूर ऐकू येतो. ओळख नाही, वशिला नाही.

भाची : ती खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत मी चौथ्या खुर्चीवर म्हातारी व्हायला आलेय. ही हुकली तर संपलंच. म्हणून म्हणते, आज फक्त दुखणं थांबवा. बाकी कशाला हात लावू नका.

डॉक्टर : दुखणं नक्की कधीपासून?

मामा : मला विचाराल तर आज सकाळपासून. गार पाणी प्यायली आणि किंचाळली. त्याआधी बरेच दिवस तोंडावर हात धरून हसत होती. मला वाटलं, कुणाच्या तरी प्रेमात पडली. मी मनातल्या मनात आहेरसुद्धा ठरवला.

डॉक्टर : आ करा. अजून. ... हं. पुढच्या दाताचा आतला कोपरा उडालाय. कशाने?

भाची : बसमध्ये.

डॉक्टर : पडलात?

भाची : नाही. माउथपीस वाजवत होते.

डॉक्टर : बसमध्ये?

भाची : हॉर्न नव्हता हो, नुसता माउथपीस. हा. एवढासा. हॉर्नमधून काढून ओठांवर धरायचा आणि फुर्र करायचं. ओठ तयार राहतात. आम्ही सगळेच करतो. जिन्यात, मोरीत, रांगेत उभं असताना. हा नवा घेऊन दुकानातून निघाले, घरी पोचेपर्यंत धीर धरवला नाही. ड्रायव्हरने ब्रेक मारला.

मामा : म्हणजे हा सोनेरी? मी निवडून दिलेला?

भाची : म्हणूनच नाही ना सांगितलं तुला!

मामा : अगं, लोकांचे दात सुपारीने तुटतात, तुझा सोन्याने तुटला. कौतुक सांगण्यासारखी गोष्ट होती ती!

डॉक्टर : मामा, बाजूला व्हा, उजेड अडतोय. ... हे बघा, कोपरा उडाला ते एक वेळ ठीक. पण इथून एक तडा वर गेलाय. हिरडीच्या दिशेने.

भाची : तडा?

डॉक्टर : बारीक आहे. गार लागतं ते त्यातून. हा भाग थोडा साफ करून, वरून थर चढवून कोपरा पूर्ववत करावा लागेल. मग दात एकसंध राहील.

भाची : नको.

डॉक्टर : दुखणार नाही. सुई देईन.

भाची : दुखण्याला कोण घाबरतंय? म्हणजे घाबरते, मशीनला तर घाबरतेच. पण ते नाही हो. माझे वरचे सूर आत्ता कुठे सुटलेत. इतकी वर्षं वर गेलं की सूर फुटायचा. बसमधल्या त्या दिवसापासून एकदाही फुटला नाही. एकदाही नाही! आता दाताला हात लावला आणि ओठाची बैठक केसभर सरकली, तर? परवा पडद्यामागे बसले आणि पहिलाच सूर फुटला, तर?

मामा : अगं वेडे, दाताचा काय संबंध? करामत माउथपीसची आहे. डॉक्टर, हिचा जुना बघा. चांदीचा. कड जाड, वाटी खोल. त्यात सूर पडायचा तो विहिरीत पडल्यासारखा, वर यायला शिडी लागायची. म्हणून मी हा निवडला. पातळ कड, उथळ वाटी, वर सोन्याचा मुलामा. दुकानात टोपलीभर माउथपीस होते. डोळे मिटून एकेक ओठाला लावला आणि या एकाने मला हाक मारली.

डॉक्टर : हाक मारली?

मामा : नावाने. यात माझा हात धरणारा कुणी नाही. मी निवडून दिलेल्या माउथपीसवर आमच्यातल्या एकाने एकदा असा खालचा सूर लावला, की सभागृहाच्या तळघरात झोपलेला रखवालदार खाटेसकट सरकत रस्त्यावर गेला. बिचारा पत्ता विचारत परत आला.

भाची : मागच्या वेळी तो खाटेवर नव्हता, खुर्चीवर होता.

मामा : सूर लांबला तसा आडवा झाला.

डॉक्टर : मामा, एक विचारू? तुमची कवळी बोलताना वाजते.

मामा : वाजत नाही, साथ करते.

डॉक्टर : दात कसे गेले?

मामा : हंसाने नेले. तळ्याकाठी वाजवत बसलो होतो. हंसाला वाटलं, त्याची बायको रुसून हॉर्नात शिरलीय आणि मी तिला सोडत नाही. आला फडफडत आणि थेट माझ्या तोंडात चोच...

भाची : आधी पैलवान होता.

मामा : पैलवान खालच्या दातांचा. घोटाळा करू नकोस.

डॉक्टर : बरं. आपण असं करू. आत्ता काहीच कायमचं करत नाही. हे मेण आहे. उडालेल्या कोपऱ्यावर मी मेणाचा कोपरा बसवते. मशीन नाही, सुई नाही. तुम्ही वाजवून बघा. मामा म्हणतात तसं सगळं माउथपीसमुळे असेल, तर मेणाने काही बिघडणार नाही. मग निश्चिंत मनाने दात करू.

भाची : इथे वाजवू? बाहेर माणसं बसलीत.

डॉक्टर : बसू देत. माझ्याकडे येणारी माणसं तशीही आनंदात नसतात.

मामा : ये, मी जोडून देतो. थांब, माउथपीस गार पडलाय. मुठीत धरू दे जरा. गार धातूवर ओठ आखडतात, डॉक्टर. हिच्या पहिल्या कार्यक्रमापासून हे काम माझ्याकडे. ... हं, घे. काढ बाहेर त्या हंसाच्या बायकोला.

(भाची वाजवते. सूर चढतो, थरथरतो आणि काच तडकावी तसा फुटतो. पुन्हा वाजवते. पुन्हा फुटतो.)

भाची : बघितलं? बघितलंत ना?

मामा : घाबरलीस म्हणून. पोटातून फुंक.

भाची : पोटातूनच फुंकलं! मामा, तोच जुना आवाज आला. तोच!

डॉक्टर : शांत व्हा. आता जुना लावा. मेण तसंच राहू दे.

भाची : (वाजवून) हा तर वरपर्यंत पोचतच नाही.

डॉक्टर : आता मेण काढते. माउथपीस जुनाच ठेवा. तो चांदीचा.

मामा : जुन्यात काय ठेवलंय? उगाच कशाला...

डॉक्टर : मामा, एकदा. फक्त एकदा. ... हं. वाजवा.

(भाची वाजवते. सूर न फुटता वरपर्यंत जातो.)

डॉक्टर : मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण हा छान होता ना?

भाची : हो.

डॉक्टर : वरचा होता?

भाची : सगळ्यात वरचा. जुन्यावर. मामा, हा जुन्यावर लागला.

मामा : ऐकलं.

भाची : म्हणजे करामत सोनेरीची नव्हतीच. वारा त्या फटीतून सरळ जातो. दात तुटला म्हणून मी वाजतेय. माझं सगळं कसब या एवढ्याशा भगदाडात आहे!

मामा : असं नाही बोलू.

भाची : मग कसं बोलू? तू सांग! तुला तर टोपलीतनं हाक आली होती.

डॉक्टर : बाहेरचे दोघे उठून गेले वाटतं. दार वाजलं.

मामा : आवाज आवडला नाही त्यांना?

डॉक्टर : त्यांना वाटलं असेल, माझ्या खुर्चीतलं कुणीतरी ओरडतंय. ... हसू नका, मीही हसत नाहीये. नीट ऐका. दात असाच ठेवला तर तो तडा वर वर जाणार. तुम्ही वाजवताना माउथपीस दातावर दाबता. मी आत्ता बघत होते. घाबरलात की जास्तच दाबता. एक दिवस दात मुळापर्यंत उभा चिरेल. मग तो ठेवता येत नाही, काढावा लागतो.

भाची : कधी?

डॉक्टर : परवा पडद्यामागे. किंवा पुढच्या वर्षी. दात आगाऊ निरोप धाडत नाही.

भाची : मग परवापर्यंत थांबू. आधी खुर्ची मिळू दे. परवा संध्याकाळी येते, मग काय हवं ते करा.

डॉक्टर : खुर्ची मिळाल्यावर त्या खुर्चीत बसून तुम्ही असंच वाजवावं, ही अपेक्षा असणार ना? मग परवा संध्याकाळी याल?

भाची : नाही येणार.

डॉक्टर : मलाही तेच वाटलं.

भाची : आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला दोष देऊ? मामा, तू बोल ना काहीतरी. एरवी तोंड मिटत नाही तुझं.

मामा : निर्णय तुझा आहे गं.

भाची : माझ्या जागी तू असतास तर?

मामा : मी कशाला असेन? माझा जमाना वेगळा.

डॉक्टर : मामा, रागावू नका, मघाशी तुम्ही हसलात तेव्हा कवळी सरकली आणि दिसलं. कवळीच्या पुढच्या भागात हिरडी जास्त खचलीय. तिथलं हाड फार आधी झिजलंय. म्हणजे सगळे दात एकदम गेले नाहीत. आधी पुढचा एक गेला असणार, आधार सुटल्यावर मग शेजारचे. कुठला गेला होता पहिला?

मामा : (भाचीच्या दाताकडे बोट दाखवत) हाच. याच बाजूचा.

भाची : हंसाने?

मामा : हंस खरा आहे. पण दात त्याने नव्हता नेला.

भाची : तुझाही कोपरा उडाला होता? आणि तुझेही वरचे सूर सुटले?

मामा : एक हंगाम. पेपरात छापून यायचं. माझी आत्या कात्रणं कापून ठेवायची. तेव्हाही मी नवा माउथपीस घेतला होता.

भाची : आणि मग?

मामा : मग दात उभा चिरला. मग मी शिकवायला लागलो.

भाची : म्हणून तू दरवेळी वेगळी गोष्ट...

मामा : हं.

डॉक्टर : हे बघा, मी एक करू शकते. पूर्ण कोपरा भरत नाही. थर चढवते, थोडं घासते, तुम्ही वाजवा. पुन्हा थर, पुन्हा घासणं, पुन्हा वाजवणं. तडा झाकला जाईल आणि खाली जमेल तेवढी फट राखू. पण तोच सूर लागेल, असं मी कबूल करत नाही. मी याआधी कुणाचा दात सुरात लावलेला नाही.

भाची : नाही लागला तर?

डॉक्टर : तर दात राहील. आणि दोन दिवस राहतील, नव्या दाताशी ओळख करून घ्यायला.

भाची : दोन दिवस! लोकांना वर्ष पुरत नाही.

डॉक्टर : हो. सोपं आहे असं मी म्हणतच नाहीये.

भाची : मशीन कुठलं ते दाखवा.

डॉक्टर : हे. बारीक आहे.

भाची : आवाज करेल?

डॉक्टर : तुमच्यापेक्षा कमीच.

भाची : मामा, इकडे ये. माझ्या पायाशी उभा राहा, दिसशील असा. आणि गोष्ट सांग. कुठलीही. रखवालदाराची सांग, खाटेवरची.

मामा : आता?

भाची : तोंड उघडल्यावर मला अडवता येणार नाही तुला. हवं तेवढं तिखटमीठ लाव. सांग ना रे.

मामा : तो रखवालदार... खाटेवर... नाही गं. आज काही सुचत नाही.

भाची : तुला?

मामा : मला.

डॉक्टर : आ करा. हात खुर्चीवर. घाबरलात तर डावा हात वर करा, मी थांबेन.

भाची : एक मिनिट. शेवटचं. पहिला थर लागला की लगेच वाजवायचंय ना? मामा, माउथपीस गार नको पडायला. मुठीत धरलायस ना?

मामा : धरलाय.

भाची : कुठला?

मामा : दोन्ही. एकेका मुठीत. तू म्हणशील तो देईन.