साखर आटोक्यात

(धुळ्यातलं एक रुग्णालय. अतिदक्षता विभागाबाहेर, संगणकापुढे.)

डॉ. सुलक्षणा : नाही आबा, हे जुळत नाही. प्रकाशची साखर आज यंत्रालाही मोजता येत नाहीये. किडन्या निकामी व्हायला आल्यात. आणि संगणकात बघा, दिवाळीपासून पोरगा ठणठणीत!

चुडामण : पोऱ्या उठी ना, डॉक्टरीनबाई? तेवीस वरीसना शे तो.

डॉ. सुलक्षणा : अजून सांगता येत नाही. साक्रीकडच्या तुमच्या उपकेंद्रातून त्याची नोंद दर महिन्याला यायची. मीच बघायची. साखर चांगली दिसली, म्हणून त्याच गोळ्या ठेवल्या, इन्सुलिन लावलं नाही. हे आकडे कुणाचे?

चुडामण : आकडास्नं माले काय समजस?

डॉ. सुलक्षणा : तो तर एवढे महिने सुरतला होता ना? मग गावात बोट कुणी टोचून घेतलं?

चुडामण : ...मी.

डॉ. सुलक्षणा : म्हणजे ठणठणीत तुम्ही आहात!

चुडामण : मंदाबाई नर्स दारशी ये. म्हने, तरना पेशंट तपासाले नही उना, तं कॉम्प्युटरमा लाल व्हस, नाव कटस, गोया बंद. पोऱ्या सुरतले, कापडना लूमवर कामले. मंग मीच बोट पुढे करं. बाप-लेकनं रगत एकच शे ना?

डॉ. सुलक्षणा : अहो, साखर एक कशी असेल, आबा?

चुडामण : आते समजनं.

डॉ. सुलक्षणा : आणि 'साखर आटोक्यात' हा मेसेज कुणाच्या फोनवर जायचा?

चुडामण : त्यानाच. त्यानी फोन करा. म्हने, आबा, मी तं रगत दिनंच नही, हाई कसं उनं?

डॉ. सुलक्षणा : तेव्हा तरी खरं सांगायचं!

चुडामण : मंदाबाईनी नोकरी जाई, अशी भीती वाटनी. सांगी टाकं, कॉम्प्युटर हुशार शे, गोयास्ना हिशोब करीसन सांगस. पोऱ्या इतला हासना! म्हने, मंग कॉम्प्युटर म्हनस तं मी बरा व्हई गऊ. आते गोया नका धाडू.

डॉ. सुलक्षणा : आणि तुम्ही थांबवल्या?

चुडामण : नही, बाई! धाडतच ऱ्हायनू. दर म्हैनाले, एस्टीना ड्रायव्हरजोडे.

डॉ. सुलक्षणा : घ्यायचा का तो?

चुडामण : सकाळे मी त्यानी बॅग उघाडी, लुंगी काढाले. कापडास्ना खाले गोयास्न्या बठ्ठ्या पिशव्या शेतस. मी मारेल गाठी तश्याच शेतस.