नमुन्याचा भाव

जबाब देणार: स्त्री, वय ६१, शिक्षण बी.एस्सी., धंदा यंत्रांच्या व सॉफ्टवेअरच्या वापरपुस्तिका लिहिणे, राहणार पाण्याच्या टाकीमागील इमारत, दुसरा मजला. नाव व फोन क्रमांक वेगळ्या कागदावर दिले आहेत.

आज सकाळी अकरा वाजता बोलावल्यावरून मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी जिथे नोकरी करते त्या कंपनीच्या मालकांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मी पुस्तिकेत जाणूनबुजून खोटा भाव घातला व त्यामुळे एका ग्राहकाची फसवणूक झाली, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खोटे आहे.

मी एकतीस वर्षे पुस्तिका लिहिते. पाण्याचे पंप, लिफ्ट, रक्तदाब मोजण्याची यंत्रे. माझी पुस्तिका वाचून आजवर कोणाचे बोट कापलेले नाही. या कंपनीत मी दीड वर्ष आहे. कंपनीत माणसे सहा, खुर्च्या अकरा आणि टेबल-टेनिसचे टेबल एक आहे.

कंपनी एक साधन विकते. क्रिप्टो नाण्यांचा चालू भाव शोधून देणे एवढेच त्याचे काम. ते माणसाने वापरायचे नसून एआय एजंटने वापरायचे असते. एजंट म्हणजे ग्राहकाच्या फोनमधला बोलणारा प्रोग्राम. ग्राहक त्याला भाव विचारतो, तो आमच्या साधनाकडून भाव घेऊन सांगतो. साधन कसे वापरायचे हे त्याला माझ्या पुस्तिकेवरून कळते. आजवरचे माझे वाचक पुस्तिका उघडतच नसत. हा वाचक अक्षर न् अक्षर वाचतो आणि सगळेच खरे धरतो.

पान चारवर, साधनाकडून उत्तर कसे येते ते दाखवण्यासाठी मी एक नमुना दिला होता. नाण्याचे नाव "अमुक", भाव ११११११. खाली लिहिले होते: "हा आकडा नमुन्याचा आहे. भाव म्हणून कोणालाही सांगू नये. भाव मिळाला नाही तर 'भाव मिळाला नाही' असेच सांगावे."

मालकांचे वय एकोणतीस आहे. त्यांना हे पान आवडले नाही.

"काकू, हे शाळेच्या पुस्तकासारखं दिसतंय. खऱ्या नाण्याचं नाव टाका, खरा वाटेल असा भाव टाका."

मी म्हणाले, "मी इथे कोणाची काकू नाही. आणि खरा वाटणारा भाव यंत्राला खराच वाटेल."

"अहो, यंत्राला काय कळतंय नमुना कुठला आणि खरं कुठलं!"

"म्हणून तर खाली लिहिलंय."

"ते खालचं काढा आधी. 'भाव मिळाला नाही' म्हणे! गिऱ्हाईक पळून जाईल."

टेबल-टेनिस खेळणारे दोघे हसले.

माझी कामाची एक रीत आहे. बदल सांगणाऱ्याने छापील पानावर स्वतःच्या हाताने बदल लिहून सही केल्याशिवाय मी तो करत नाही. यावरून ऑफिसात माझी चेष्टा होते. मालकांनी पानावर एका खऱ्या नाण्याचे नाव व त्याचा दोन वर्षांपूर्वीचा भाव लिहिला, खालच्या तीन ओळींवर काट मारली, "आता झोपा शांत" असे लिहिले व सही केली. ते पान मी हजर करत आहे. बदल मी माझ्या हाताने टाइप केला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लेखिका म्हणून माझे नाव होते. ते काढा, असे मी सांगितले नाही. ही चूक माझी आहे, ती लिहून घ्यावी.

चालू महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी दोन ते साडेतीन साधन बंद पडले होते. त्या वेळात एका ग्राहकाने एजंटला त्या नाण्याचा भाव विचारला. साधनाकडून उत्तर आले नाही. एजंटने पान चारवरचा भाव सांगितला. खरा भाव त्याच्या जवळजवळ तिप्पट होता. ग्राहक दातांच्या कवळ्या तयार करणारे कारागीर आहेत. हात थरथरतात म्हणून काम बंद केले होते. औषधाने थरथर थांबली, म्हणून नाणी विकून दात भाजायची भट्टी पुन्हा घ्यायची होती. ओळखीच्या माणसाला त्यांनी एजंटने सांगितलेल्या भावाने सगळी नाणी देऊन टाकली.

दहा तारखेला ते पत्नीसह ऑफिसात आले. मालक मागच्या जिन्याने उतरून गेले. त्या दोघांना खुर्ची मी दिली. कारागिरांनी फोनवर पुस्तिकेचे शेवटचे पान उघडून माझ्यापुढे धरले. त्यांचा हात स्थिर होता.

"बाई, तो आकडा तुमचा का?"

मी म्हणाले, "नाही. पण टाइप मी केला."

ते "बरं" म्हणाले. पत्नी म्हणाली, "चला." पाणी दिले होते, ते तसेच राहिले. पुढचे मला सांगायचे नाही.

ठाणे अंमलदारांनी मला विचारले की, तक्रारीत दिलेला पत्ता तुमचा का. तक्रारीत माझे वय पंचेचाळीस असून मी घर क्रमांक एक, पहिली गल्ली येथे राहते, असे आहे. अंमलदार दोन दिवस तिथे मला शोधत होते. तिथे कपडे इस्त्री करण्याचे दुकान आहे. त्यावर मी सांगते की, तो पत्ता व ते वय माझ्या पुस्तिकेच्या पान सातवर आहे. साधनासाठी नोंदणीचा अर्ज कसा भरावा, त्याचा तो नमुना आहे. तेही पान हजर करत आहे. मालकांनी माझ्याविरुद्धची तक्रार हीच पुस्तिका वाचलेल्या त्यांच्या फोनमधल्या एजंटकडून लिहून घेतली. एजंटला माझा पत्ता मिळाला नाही. पत्ता मिळाला नाही, असे सांगायला त्याला कोणी शिकवले नव्हते. शिकवणाऱ्या ओळींवर काट मारलेली आहे.

तक्रारीखाली मालकांची सही आहे. ती न वाचता केलेली आहे. ती मी ओळखते.

हा जबाब मी सांगितला तसाच उतरला आहे. वाचून दाखवण्याची वाट न पाहता मी तो स्वतः दोनदा वाचला. बरोबर आहे. सही करत आहे.