पाण्यात सैल पडतो

हॅलो? … हां ताई, बोल. पोचलात तळ्यावर? पोहण्याच्या शर्यतीला वेळ आहे ना अजून? … एक मिनिट हं, गिऱ्हाईक आहे… काका, उलटा घातलात हा पोहायचा रबरी सूट. चेन पाठीवर येते, पोटावर नाही. काढा, काढा… हां, बोल गं.

भावोजींची चेन लागत नाही? … अगं, अशी नाही ओढायची! नखं लावू नकोस, रबर फाटतं. आधी घोट्यापासून वर सरकवत आण… गुडघे, मांड्या, कंबर… खाली चुण्या राहिल्या की पाठीला पुरतच नाही. … हो, हो, आता खांदे मागे घ्यायला सांग. तू दोन्ही बाजू जवळ धर, चेन दुसऱ्या कुणाला तरी ओढू दे. … लागली? बघ. उगाच माझ्या नावाने शंख करत होतीस.

हसू नकोस. मी काल म्हटलं होतं, लार्ज घ्या. ऐकतायत कुठले! 'मेहुणीच्या दुकानात लार्ज घेतला तर अब्रू जाईल' म्हणे. … हो, दिला मग मीडियम. … घट्टच हवा गं, सैल असला की गार पाणी आत शिरतं.

काय? … घाम? एवढ्या गारठ्यात? … अगं ऐक ना, त्यांना खोल श्वास घ्यायला सांग. पूर्ण. … अर्धाच येतो? … 'पाण्यात गेला की सैल पडतो'… हो, मीच म्हटलं. अगं, ते आम्ही सगळ्यांनाच म्हणतो! दिवसातून दहा वेळा म्हणतो, तोंडात बसलंय ते.

ताई, ऐक. त्यांना पाण्यात उतरू देऊ नकोस. … नाही, थट्टा नाही. … गेल्या महिन्यात त्यांच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, गाडीच्या खणात ठेवतात. … काल. सूट चढवताना धाप लागली, तेव्हा बोलले. … शपथ घातली मला. तुझीच. … हो, चुकलं. फार चुकलं. काय शिव्या घालायच्या त्या घाल, पण नंतर. आधी त्यांना धर.

कुठायत? … शिट्टी झाली? उतरले पाण्यात? कधी? … मग फोन कानाला लावून काय उभी आहेस, पळ! ओरड! होडीवाल्याला हात कर!

… ताई? दिसतायत का? टोपी कुठल्या रंगाची? … सगळ्यांचीच पिवळी? … ताई, बोल ना काहीतरी…

काका, आत्ता नाही हो. उद्या या. जा तुम्ही.

हॅलो? … कोण बोलतंय? ताई कुठाय? … होडीवाले? हो, मी तिची बहीण, सुटाच्या दुकानातली. … घेतलंत वर? बोलतायत का? … चेन निघत नाही? मानेपासून खाली ओढा, कड धरून… अडकली? मग कापा. कात्री, सुरी, हाताला येईल ते घ्या. गळ्यापासून छातीपर्यंत… अहो, विचारताय काय, सूट गेला खड्ड्यात! कापा! … कापलात?

छाती हलतेय? … दादा, छाती हलतेय का, तेवढं सांगा. … मागे कोण रडतंय? … दादा, ताई का रडतेय? … हॅलो? … हॅलो?