सत्तावीस फटक्यांची सवलत

...नियमात बसतं हो! नियमात बसत नाही असं कोण म्हणतंय? नियमांचं पुस्तक मी तीनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं, सगळं नियमात बसतं... पण मनात बसत नाही, त्याला काय करू?

तुम्हाला सांगतो, मी गोल्फ खेळतो. हसू नका! आमचं मैदान काही फार श्रीमंती थाटाचं नाही, कुंपणापलीकडे लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि खेळणारे कोण, तर एक पोस्टमास्तर, दोन औषधवाले, मी गणिताचा निवृत्त मास्तर आणि आमचे साडू. दाताचे डॉक्टर. माझ्या मेहुणीचे यजमान. माणूस सोन्यासारखा, दात पेशंटचा उपटतो आणि 'आई गं' स्वतः म्हणतो!

आता गोल्फमध्ये हँडिकॅप नावाची एक भानगड असते. म्हणजे कच्च्या गड्याला सवलत. फटके मोजायचे, त्यातून सवलत वजा करायची, ज्याचे कमी उरतील तो जिंकला. माझी सवलत अठरा, डॉक्टरांची सत्तावीस. एवढी का? तर काठ्या! आमचे सासरे गेले तेव्हा त्यांच्या लाकडी डोक्यांच्या काठ्या मिळाल्या थोरल्या जावयाला, आणि धाकट्याला, म्हणजे मला काय, तर भिंतीवरचं घड्याळ! तेही दहा मिनिटं मागे! मला हव्या होत्या हो त्या काठ्या... जाऊ द्या. तर वीस वर्षं डॉक्टर त्याच काठ्यांनी खेळले. 'टक्' असा आवाज व्हायचा, आणि चेंडू जायचा फार तर समोरच्या झुडपापर्यंत.

आणि यंदा डॉक्टरांना त्यांच्या लेकीनं वाढदिवसाला काठ्यांचा नवा संच पाठवला. काठीचं डोकं काय सांगू तुम्हाला... तवा! नुसता तवा! कुठेही लागू दे, चेंडू सरळ, आणि पूर्वीपेक्षा चाळीस पावलं लांब! पुढच्याच आठवड्यात करंडकाची स्पर्धा. काठ्या नव्या, सवलत मात्र जुन्या काठ्यांवर मिळवलेली, सत्तावीसच्या सत्तावीस. काठ्या मंजूर नमुन्याच्या, सवलत वहीतली, आणि वही ठेवतं कोण? मीच! नियमात बसतं हो... पण मनात बसत नाही!

स्पर्धेच्या दिवशी मी जन्मात खेळलो नव्हतो असा खेळलो. अठ्ठ्याऐंशी! वजा अठरा, सत्तर. अकरा वर्षं दुसरा येणारा माणूस मी, म्हटलं, यंदा करंडक आपला. मग आले डॉक्टर. त्र्याण्णव. वजा सत्तावीस... सहासष्ट. गणिताचा मास्तर मी, तरी तीनदा वजाबाकी केली, हातचा घेऊन केली, दर वेळी सहासष्टच!

बाहेर कुजबुज सुरू. पोस्टमास्तर म्हणतायत, "खेळ लपवून ठेवला होता म्हणायचा! आणि आपण समजत होतो साधा माणूस!" तेवढ्यात आमच्या क्लबचे चिटणीस, मी वही घेऊन बसलो होतो त्या खोलीत आले, दार लोटलं आणि अगदी मधाळ आवाजात, "मास्तर... वही तुमची, पेन तुमचं. सत्तावीसचे करा वीस. त्र्याहत्तर होतात. करंडक तुमचा. कोण बोलणार आहे?"

खोटं कशाला बोलू? मी पेनाचं टोपण काढलं. हो, काढलं! अकरा वर्षं हो!

आणि दार उघडून डॉक्टर आत. एका हातात खेळायचा हातमोजा तसाच, तोंड जबड्यात इंजेक्शन दिल्यासारखं. कुजबुज कानावर गेली होती. "मास्तर, माझी सवलत कमी करा. आत्ताच्या आत्ता. ते सत्तावीस जुन्या काठ्यांचे होते. लेकीचं मन मोडवेना म्हणून ह्या घेतल्या, पण हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

आली का पंचाईत! जे मी चोरून करणार होतो तेच हा माणूस उघड मागतोय! आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "नाही डॉक्टर! सवलत बदलते ती उद्यापासून. आजच्या खेळाला आजचाच आकडा. नियमात बसतं!"

"पण मनात बसत नाही, मास्तर!"

माझं वाक्य! आठवडाभर मी एकट्यानं घोकलेलं! मी असा चिडलो म्हणता... "मनाची वही माझ्याकडे नाही! माझ्याकडे फटक्यांची आहे!" अर्धा तास आम्ही भांडलो. ते म्हणतायत, नको, मी म्हणतोय, घ्या. हरलेला माणूस जिंकलेल्याला दम देऊन करंडक घ्यायला लावतोय, पाहिलंय कुठे? शेवटी दंड धरून त्यांना बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "सवलत कापा म्हणत हे स्वतः माझ्याकडे आले. मी मात्र त्याआधीच टोपण काढून बसलो होतो." पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. पहिली टाळी त्यांचीच.

घरी आलो तर बायको, "म्हणजे, मिळणारा करंडक तुम्ही भांडून भावोजींना दिलात?" मी म्हटलं, हो. ती पदर खोचून उठली, म्हणाली, "बसा, चहा टाकते." आता हे कौतुक होतं की कीव, मला अजून कळलेलं नाही!

दुसऱ्या दिवशी मी वहीत सत्तावीसचे वीस केले. संध्याकाळी डॉक्टर दारात, खांद्यावर त्या जुन्या काठ्यांची पिशवी. आत येईनात. चपलेकडे बघत म्हणाले, "ह्या तुम्ही घ्या. तुम्हाला हव्या होत्या, मला तेव्हाही ठाऊक होतं. सोडवल्या नाहीत हो..." एका काठीची मूठ हातात घेतली, सासऱ्यांच्या अंगठ्यानं चामड्याला पडलेला खळगा अजून होता. दोन म्हातारे, दारात, काठ्या धरून!

आता मी त्याच काठ्यांनी खेळतो. टक्! झुडूप! टक्! झुडूप! अठराची चोवीस झाली सवलत, माझ्याच हातानं लिहिली, आणि तरी दुसरा यायचो तो आता नववा येतो. पण पूर्वी हरलो की लोक विचारायचे, "मास्तर, काय झालं हो?" आणि मला उत्तर सुचायचं नाही. आता मी नुसती काठी वर करून दाखवतो.