भाजी बंद, गोळी चालू

डॉक्टरचं कौतुक सगळेच करतात, मी आमच्या मुरुडच्या शेजारणीचं, कोंडाबाईचं करते. लातूर जिल्हा नवा झालेला, त्यात दुष्काळ. तिच्या मालकाच्या काळजाचे ठोके चुकायचे. रक्ताची गाठ डोक्यात जाऊन लकवा मारू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू होती.

एकदा सकाळीच ती त्यांना घेऊन स्टँडकडं निघाली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई, दवाखान्यात चाललोय. पालेभाजी मिळंना."

"मग भाजीसाठी दवाखान्यात? येडी हायस का?" म्हणत मीही एसटीत बसले. राहवतंय व्हय मला!

डॉक्टरांनी विचारलं, "त्रास काय?"

"त्रास न्हाई साहेब. ह्यांना रोज मूठभर मेथी देत होते, पंधरा दिस झाले बंद हाय. गोळी मात्र तेवढीच चालू हाय."

डॉक्टरांनी लगेच रक्त तपासलं. पालेभाजी गोळीचा जोर कमी करते, ती बंद झाल्यानं रक्त फारच पातळ झालेलं. नुसता मार लागला असता तरी रक्त थांबलं नसतं. त्यांनी गोळी कमी केली.

"बाई, यायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणलता, भाजी रोज सारखी ठेवा. मला जमंना, म्हणून सांगाया आले."

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी तिच्या हातात दिली. मग मला म्हणाले, "तुम्ही कोण?"

म्हटलं, "शेजारीण. सकाळपासून हिला येडी म्हणत होते."