मागचा डावा स्पीकर

चैताली : पप्पा, मी उद्यापासून आपली व्हॅन सोडून स्वराजच्या बाईकवर शाळेत जाऊ का?

पप्पा : हो, जा की.

चैताली : काय?

पप्पा : ती काळी पिन दे इकडं. काळं भोकच नाय ह्या कॉम्प्युटरला.

चैताली : थांबा थांबा. बाईकवर. बारावीतल्या स्वराजच्या मागे बसून. चार दिवस झाले, विचारू की नको करत मी नखं खाल्लीयेत, आणि तुम्ही सरळ "जा की"?

पप्पा : टेबलाखालून काय पुटपुटतीस? बाहेर येऊन बोल.

मम्मी : चैताली, कोण स्वराज?

चैताली : कोणी नाही गं मम्मी. डेअर होतं. साक्षी म्हणाली, तुझे पप्पा कशालाही हो म्हणतात, विचारून बघ. व्हॅनमधले सगळे म्हणतात.

मम्मी : मग?

चैताली : मग काय, म्हणाले ना हो. मी जिंकले की हरले तेच कळत नाहीये.

मम्मी : माणूस कामात असताना विचारू नये. आणि बाईकचं नाव परत काढायचं नाही.

पप्पा : कोणती बाईक?

मम्मी : काही नाही हो. पिन लावा.

चैताली : द्या, मी लावते. हिरवी हिरव्यात, ती पुढच्या दोघांची. काळी निळ्यात, केशरी गुलाबीत. आधी तिन्ही लावायच्या, मग सेटिंगमध्ये जाऊन सांगायचं की बाबा रे, स्पीकरचे सहा डबे आहेत. नाहीतर नुसते पुढचे दोनच वाजतात. वाळूमामाने नवीन टीव्हीबरोबर नवीन सेट घेतला म्हणून हा आपल्याला मिळाला, आणि त्याला स्वतःला कधी मागचे दोन वाजवता आले नाहीत.

पप्पा : तुला कुणी शिकवलं हे?

चैताली : कोणी नाही. वाचलं. रविवारी पाचजणी पिक्चर बघायला येणारेत, पाठीमागून पावलं वाजली पाहिजेत. आता तुम्ही मधल्या खुर्चीत बसा. डोळे मिटा. एकेक डबा वाजेल, आवाज कुठून आला तिकडे बोट करायचं.

पप्पा : मी कशाला? तूच ऐक.

चैताली : मी इथे माऊसपाशी आहे. मधे बसलं तरच नीट कळतं. बसा ना.

पप्पा : तू एका जागी बस आधी, वारं शिरल्यासारखी फिरतीस.

चैताली : पुढचा डावा. आला?

पप्पा : आला. उजवीकडनं.

चैताली : उजवीकडून? मग वायरी उलट्या लागल्या. थांबा, बदलते. आता हा?

पप्पा : उजवीकडनं.

चैताली : बरोबर. आणि हा?

पप्पा : उजवीकडनंच.

चैताली : दोन्ही कसे उजवीकडून येतील? मम्मी, हात पूस आणि इकडे ये. त्या मागच्या डाव्या डब्याला हात लाव. लागला?

मम्मी : थरथरतोय.

चैताली : पप्पा, कुठून आला?

पप्पा : उजवीकडनं.

चैताली : पुढच्या की मागच्या?

पप्पा : मागच्या... मागच्याच असंल.

चैताली : असंल काय, कोडं घातलंय का मी? बरं, डोळे उघडायचे नाहीत. एक मिनिट फक्त. हं, आता सांगा. पुढचा? मागचा?

पप्पा : हा पुढचा. हा मागचा. उजवीकडनं दोन्ही. आता चांगला वाजतोय की तुझा सेट.

चैताली : पप्पा, डोळे उघडा. उजवीकडच्या दोन्ही वायरी माझ्या हातात आहेत.

(मागचा डावा डबा थांबून थांबून वाजत राहतो.)

मम्मी : बंद कर ते.

चैताली : मम्मी, तुला माहीत होतं.

मम्मी : आधी बंद कर.

चैताली : केलं. कधीपासून?

मम्मी : दोन वर्षं होतील. हे सकाळी उठले तर डाव्या कानात शिट्टी वाजत होती म्हणे. तीन दिवसांनी शिट्टी गेली, कानही गेला. मला सांगितलं नाही. मोबाइल सारखा उजव्या कानालाच का लावतात म्हणून मी विचारलं, तेव्हा कळलं.

चैताली : म्हणून तू रस्त्याने कायम पप्पांच्या उजव्या हाताला असतेस? माझ्या मैत्रिणींना मी सांगितलंय की माझे मम्मी-पप्पा रोमँटिक आहेत.

पप्पा : तसं पण हाय ते.

मम्मी : गप बसा तुम्ही.

चैताली : डॉक्टर काय म्हणाले?

मम्मी : मेडिकलमधून थेंब आणले होते.

चैताली : डॉक्टर, मम्मी.

पप्पा : डॉक्टरकडं गेलं की तो लिहून देतो. लिहिलेलं लपत नाय. व्हॅनमधी आठ पोरं, आठ आया, त्यांचा एक ग्रुप. एकीनं पोरगं काढलं की सोमवारी व्हॅन मोकळी. देवळ्याहून इथं आलो तेव्हा दुसऱ्याची गाडी चालवत होतो मी, चैतू. ही आपली हाय. हिच्यावर घर चालतंय.

चैताली : आणि आयुष? मागच्या आठवड्यात तो तुमच्या शेजारी बसून तीनदा म्हणाला, काका थांबा, माझं घर आलं. तुम्ही त्याला पुढच्या चौकात उतरवलं. आम्ही मागे बसून हसलो. मी पण हसले, पप्पा. मला वाटलं तुम्ही मजा करताय.

पप्पा : लय गोंगाट करता तुम्ही गाडीत.

चैताली : परवा बिटको चौकात तो रिक्षावाला शिव्या देत होता तो?

पप्पा : तो चुकीच्या बाजूनं घुसला.

चैताली : डावीकडून घुसला. आणि हॉर्न देत होता. मी अगदी मागच्या सीटवर होते, मला ऐकू आला. तुम्ही म्हणालात, हॉर्न पण देत नाहीत लेकाचे.

पप्पा : दिला होता?

चैताली : दोनदा.

पप्पा : उज्वला, तू तर म्हणाली होतीस, आरशात बघून चालतं सगळं.

मम्मी : मी असं म्हणाले? तुम्ही म्हणालात, मी नुसती मान हलवली. मी काय व्हॅनमध्ये असते? मला रोज साडेबाराला तुमचा आवाज खाली ऐकू आला की जेवण गरम करायचं, एवढंच कळतं.

चैताली : भांडू नका. मला विचार करू दे.

मम्मी : आता कुठे चाललीस?

चैताली : कुठेच नाही. इथल्या इथेच फिरतेय. बसून मला विचार करता येत नाही. पप्पा, मी आता तुमच्या कोणत्या बाजूला आहे?

पप्पा : आता उजव्या.

चैताली : मग ऐकू आलं नव्हतं असं म्हणायचं नाही. दोघंही ऐका, मी ठरवलंय. शनिवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, मी बरोबर येणार. ते काय म्हणतील ते तुम्ही आयांच्या ग्रुपवर सांगायचं.

मम्मी : ग्रुपवर? चैताली, वेडी आहेस का? मोठ्यांचं मोठ्यांना बघू दे.

चैताली : दोन वर्षं बघितलं ना मोठ्यांनी. पप्पांनी नाही सांगितलं तर मी सांगेन.

पप्पा : आणि सगळ्यांनी पोरं काढली तर?

चैताली : माहीत नाही. खरंच माहीत नाही, पप्पा. पण आयुष चौथीत आहे.

पप्पा : हं.

मम्मी : आज गुरुवार. मग उद्या?

चैताली : उद्या पुढची सीट माझी. आयुष मागे साक्षीजवळ बसेल.

पप्पा : पुढं बसायची तुला लाज वाटते म्हणाली होतीस. ड्रायव्हरची पोरगी दिसते म्हणून.

चैताली : तेही ऐकू आलं होतं तुम्हाला?

पप्पा : उजवीकडनं बोलली होतीस.

चैताली : उद्या डावीकडे बसते. तिकडून कोणी हॉर्न दिला तर मी तुमच्या हाताला हात लावीन. आणि मी काही विचारलं, आणि ऐकू आलं नाही, तर हो म्हणायचं नाही, पप्पा. "काय" म्हणायचं. मी परत विचारीन.